दुकान माझं, रस्ता सगळ्यांचा

पावसाळ्यात तुम्ही कधी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्टेशनाबाहेर आला आहात का? बाहेर धो धो पाऊस, छत्री घरी राहिलेली, आणि जायचंय हुतात्मा चौकापर्यंत! अशा वेळी जाणते मुंबईकर एक युक्ती करतात. समोरचा दादाभाई नौरोजी रस्ता ओलांडायचा आणि पलीकडच्या इमारतींखालच्या कमानींत शिरायचं. मग काय, एका बाजूला पाऊस, दुसऱ्या बाजूला दुकानं. काचेतले चष्मे, घड्याळं, कपडे बघत बघत चालत राहायचं. मध्ये एखादी गल्ली आली की चार पावलं भिजायचं, की पुन्हा कमानींखाली.

देवळाभोवती ओवऱ्या असतात ना, तशीच ही रस्त्याची ओवरी. पण गंमत अशी, की या इमारती एकाच मालकाच्या नाहीत आणि एकाच वेळी बांधलेल्याही नाहीत. मग इतक्या वेगवेगळ्या लोकांना आपापल्या इमारतीखाली वाट सोडायची बुद्धी एकदमच कशी सुचली?

ती सुचली नव्हती, दोस्तांनो. तसा नियमच होता!

किल्ला गेला, रस्ता आला

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी या भागाला तटबंदी होती. आपण आजही त्याला ‘फोर्ट’ म्हणतो ते त्यामुळेच. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात हे तट पाडले गेले. शहराला मोकळा श्वास मिळाला. जुना अरुंद रस्ता रुंद झाला. त्या वेळी त्याचं नाव हॉर्नबी रोड. पुढे थोर देशभक्त दादाभाई नौरोजी यांचं नाव त्याला मिळालं.

रस्ता रुंद झाल्यावर त्याच्या कडेला मोठमोठ्या इमारती उभ्या राहू लागल्या. तेव्हा १८९६ साली सरकारनं नियम केला : इमारत बांधा, पण तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला लोकांना चालायला कमानींची वाट ठेवा. ही वाट शेजारच्या इमारतीच्या वाटेला जोडलेली हवी. वरचे मजले मात्र त्या वाटेवरून पुढे आणायला हरकत नव्हती. म्हणजे खाली लोकांची वाट आणि वर मालकाच्या खोल्या. मालकाची जागा पूर्ण बुडाली नाही आणि लोकांचीही सोय झाली.

आता नीट लक्ष द्या. नियमानं कमान मागितली, पण सगळं काही ठरवून टाकलं नाही. त्यामुळे या रस्त्यावर कुठे ग्रीक-रोमन थाटाचे खांब दिसतात, कुठे चर्चसारख्या टोकदार गॉथिक कमानी, तर कुठे घुमट आणि जाळ्या. प्रत्येक इमारत वेगळी, तरी सगळ्या मिळून एका घरातली भावंडं वाटतात. नाकीडोळी निराळी, पण चेहरेपट्टी एक!

दुकानदाराची बाजू

‘मग सोपं आहे की! महापालिकेनं सगळ्याच नव्या दुकानांचे आणि मॉलचे नकाशे आपणच आखून द्यावेत,’ असं कुणी म्हणेल. पण थांबा. जरा दुकानदाराच्या गल्ल्यावर बसून बघू.

समजा, तुमच्या बाबांनी आयुष्यभर पैसे साठवून बाजारपेठेत छोटीशी जागा घेतली. पंधरा फूट रुंद, तीस फूट खोल. नगररचना खात्याचे साहेब म्हणाले, ‘पुढची दहा फूट वाटेसाठी सोडा.’ गेला ना एक तृतीयांश गाळा! वर मजला चढवायची ऐपत असली तर जागेची भरपाई होईल. नसली तर? मग साहेब म्हणाले, ‘भिंतीला अमुकच रंग द्या, पाटी एवढीच लावा, खिडकी अशीच करा.’ बाबा म्हणतील, ‘अहो, माझं दुकान लांबून दिसलंच नाही तर गिऱ्हाईक येणार कसं? जागा माझी, कर्ज माझं, धंदा बुडाला तर तोटाही माझाच. मग आवड तुमची कशाला?’

हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. शिवाय सुंदर म्हणजे काय, हे ठरवायचं कुणी? एका साहेबांना विटा आवडतात, त्यांच्या जागी आलेल्या दुसऱ्यांना काच आवडते. नियम जर माणसाच्या लहरीवर चालू लागला, तर ओळख असणाऱ्याचा नकाशा चटकन पास होतो आणि गरिबाचे हेलपाटे संपत नाहीत.

दोन शहरं, दोन धडे

आपल्या देशात दोन शहरांनी बाजारपेठेवर फार कडक नियम लावून पाहिले आहेत.

पहिलं जयपूर. सवाई जयसिंग महाराजांनी १७२७ साली हे शहर वसवलं. आराखड्यात विद्याधर भट्टाचार्य यांचा मोठा हात होता. सरळ रेषेत आखलेले, सुमारे ११० फूट रुंदीचे मुख्य रस्ते आणि दोन्ही बाजूंना एकाच घाटाच्या दुकानांच्या रांगा. १८७६ साली इंग्लंडचे युवराज येणार म्हणून शहर गुलाबी रंगवलं गेलं, आणि जुन्या शहरात तो रंग आजवर सांभाळला गेला आहे. २०१९ साली युनेस्कोनं या शहराला जागतिक वारसा म्हणून मान दिला. देशोदेशीचे प्रवासी ते गुलाबी बाजार बघायला येतात आणि खरेदीही करतात. म्हणजे इथे नियम दुकानदाराच्याही पथ्यावर पडला.

दुसरं चंदीगड. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं, म्हणून पंजाबसाठी नवी राजधानी उभारली गेली. ल कॉर्ब्युझिए या जगप्रसिद्ध वास्तुविशारदानं तिचा आराखडा केला. तिथला मुख्य बाजार म्हणजे सेक्टर १७. काँक्रीटच्या चार मजली इमारती, ठरलेल्या अंतरावर सारखे खांब, सावलीचे व्हरांडे, आणि मधल्या चौकांत गाड्यांना बंदी. लहान मुलाचा हात सोडला तरी आईला घोर नाही! पण अनेकांना तिथे सगळं एकसारखंच आणि रुक्ष वाटतं. २०१३ साली शहरात एलांते नावाचा भलामोठा मॉल सुरू झाला आणि तरुण मंडळींची पावलं तिकडे वळली.

थोडक्यात, नियमामुळे सावली मिळते, सुरक्षित चौक मिळतो. पण माणसांचं मन कायम रमेल, अशी हमी कुठलाच नियम देत नाही.

पाट्यांचं जंगल

आता पुन्हा मुंबईत येऊ. १८९६ साली ज्यांनी नियम केला, त्यांनी दुकानांच्या पाट्यांचा विचार फारसा केला नसावा. शंभर वर्षांत दादाभाई नौरोजी रस्त्यावर पाट्यांचं रान माजलं. एकानं चार फुटांची पाटी लावली की शेजारी सहा फुटांची लावायचा. ती दिसेनाशी झाली की तिसरा आठ फुटांची! वर्गात एक मुलगा ओरडला की दुसरा त्याहून मोठ्यानं ओरडतो आणि शेवटी कुणाचंच ऐकू येत नाही, तसाच हा प्रकार. कोरीव कमानी पाट्यांखाली गडप झाल्या.

१९९५ साली मुंबईत वारसा इमारतींसाठी खास नियम लागू झाले. त्यानंतर वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी या रस्त्याचा अभ्यास केला. पाटी केवढी असावी आणि कमान न झाकता ती कुठे बसवावी, याचा आराखडा तयार झाला. पण सगळ्यात महत्त्वाचं काम पुढेच होतं, दुकानदारांना ते पटवून देण्याचं. ‘सगळ्यांच्याच पाट्या लहान झाल्या, तर कुणाचंच नुकसान नाही,’ हे पटल्यावर अनेकांनी पदरमोड करून पाट्या बदलल्या. झाकलेल्या कमानी पुन्हा दिसू लागल्या. २००४ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाचा गौरव झाला.

एकट्या दुकानदारानं पाटी लहान केली असती, तर तो मागे पडला असता. सगळ्यांना एकच नियम होता, म्हणून ते जमलं.

मग लगाम कुठे हवा?

आम्हाला वाटतं, इथे तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

पहिली, जिवाची. २०२० साली ऑक्टोबरमध्ये मुंबईत नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलला आग लागली. ती विझायला दोन दिवसांहून जास्त वेळ लागला. शेजारच्या उंच इमारतीतल्या सुमारे साडेतीन हजार लोकांना घरं सोडून बाहेर यावं लागलं. बाहेर पडायचे जिने, धूर जायला वाट, बंबाला जागा याबाबतीत ‘माझी मर्जी’ चालायची नाही. इथे नियम कडकच हवा.

दुसरी, वाटेची. दुकान आत कसं असावं हे मालकाचं. पण ते रस्त्याला जिथे मिळतं, तिथून आजोबा काठी टेकत जातात, चाकाच्या खुर्चीतली मुलगी जाते, दप्तर सांभाळत तुम्ही जाता. तिथे सावली, सपाट वाट आणि बेताची पाटी मागण्याचा हक्क शहराला आहे. मात्र लहान गाळ्याच्या मालकाला त्याची भरपाई मिळायला हवी, आणि नियम छापील, सगळ्यांना सारखा हवा.

तिसरी, आवडीची. भिंत निळी की पिवळी, कमान गोल की टोकदार? जयपूरसारखा जुना वारसा असेल तर गोष्ट वेगळी. एरवी नव्या वस्तीत हे मालकावर आणि त्याच्या वास्तुविशारदावर सोडावं. चुकेल एखादा! पण चुकायची मुभाच नसेल, तर नवं काही सुचणार कसं?

आमचं हे म्हणणं तुम्ही मान्य केलंच पाहिजे असं नाही हं. येत्या रविवारी आईबाबांबरोबर आपल्या गावच्या बाजारपेठेत एक फेरी मारा. सोबत वही न्या. किती दुकानांपुढे सावली आहे? किती ठिकाणी फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरावं लागलं? कुठली पाटी दुसरीला झाकते? मग एखाद्या ओळखीच्या दुकानदारकाकांना विचारा, ‘काका, तुमच्यासाठी एकच नियम करायचा झाला, तर कुठला चालेल? आणि कुठला अजिबात चालणार नाही?’

त्यांचं उत्तर वहीत लिहून घ्या. मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कुणी नगररचनाकार होईल, कुणी दुकानदार. ती वही दोघांच्याही उपयोगी पडेल!