प्लॅटिनमची तार आणि तीन अज्ञात

'अ आणि ब यांच्या किमती काढा' असे उदाहरण बीजगणितात दिसले, की तुमच्यापैकी पुष्कळांना वाटते, हे परीक्षेपुरतेच. पण तापमान अचूक मोजण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांनी नेमके हेच उदाहरण वर्षानुवर्षे सोडवले आहे.

प्लॅटिनमची तार तापवली की तिचा विद्युत् रोध वाढतो. रोधावरून तापमान विश्वासाने सांगता येते, हे ह्यू कॅलेंडर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८७ साली दाखवून दिले. म्हणजे तार हाच तापमापक झाला! मात्र रोध आणि तापमान यांना जोडणारे समीकरण हवे.

सर्वांत सोपे समीकरण सरळ रेषेचे:

र = अ + बत

येथे र हा रोध (ओहममध्ये) आणि त हे तापमान (अंश सेल्सिअसमध्ये). स्थिरांक दोन, म्हणून ज्ञात बिंदूही दोन हवेत. प्रमाणित कोष्टकातील तार घेऊ. वितळत्या बर्फात, म्हणजे ० अंशांना, तिचा रोध १०० ओहम. १०० अंशांना १३८.५१ ओहम. त = ० घालताच अ = १०० मिळतो. मग त = १०० घातल्यावर ब = ०.३८५१.

प्रात्यक्षिकाला येणारी आमची मुले इथे खुशाल वही मिटतात. अहो, पण कोणत्याही दोन बिंदूंतून सरळ रेषा जातेच! तिसरा बिंदू पाहू. ४०० अंशांना आपल्या समीकरणाने रोध २५४.०४ ओहम यायला हवा. कोष्टकात आहे २४७.०९. उलट बाजूने पाहिले, तर भट्टी ४०० अंशांवर असताना आपला तापमापक ३८२ अंश दाखवील. अठरा अंशांची चूक! आकडेमोड बरोबर, समीकरणाचा साचाच चुकीचा.

आलेख किंचित वाकलेला आहे, म्हणून आणखी एक पद घेऊ:

र = अ + बत + कत²

आता अज्ञात तीन. अ = १०० हे पूर्वीप्रमाणेच. उरलेले दोन बिंदू घातले, की

३८.५१ = १००ब + १०,०००क
१४७.०९ = ४००ब + १,६०,०००क

पहिल्याला चारने गुणून दुसऱ्यातून वजा करा: −६.९५ = १,२०,०००क. म्हणून क = −०.००००५७९ आणि ब = ०.३९०९.

आता परीक्षा. २०० अंश आपण वापरलेलेच नव्हते. तेथे समीकरण देते १७५.८६ ओहम, आणि कोष्टकातही १७५.८६! वापरलेले बिंदू जुळणारच होते. न वापरलेला जुळला, ही खरी साक्ष.

तिसरा बिंदू इतका दूर का घेतला? क फार लहान आहे. १० अंशांना त्याचा हिस्सा ०.००६ ओहमहूनही कमी, मोजताना सहज हरवेल असा. ४०० अंशांना तो ९ ओहमांच्या वर जातो. म्हणूनच १९२७ च्या आंतरराष्ट्रीय तापमान मापश्रेणीत बर्फ व वाफ यांच्या जोडीला तिसरा बिंदू होता उकळत्या गंधकाचा, ४४४.६० अंश. परंतु उत्कलनबिंदू हवेच्या दाबाबरोबर सरकतो. १९६८ च्या मापश्रेणीत गंधकाची जागा जस्ताच्या गोठणबिंदूने घेतली.

एक काम तुमच्यासाठी. −२०० अंशांना कोष्टकात रोध १८.५२ ओहम आहे. आपल्या समीकरणाने किती येतो, ते काढा. जवळजवळ एका ओहमचा फरक पडेल. शून्याखालच्या प्रदेशासाठी अमेरिकेतील व्हॅन ड्यूसेन यांनी समीकरणात चौथा स्थिरांक घातला. तो काढण्यासाठी अर्थातच चौथा बिंदू लागला: उकळता द्रव ऑक्सिजन, −१८२.९७ अंश.