पारा चिकलठाण्यात मोजतात, ताप पत्र्याखाली चढतो

मे महिन्यात रोज संध्याकाळी बातम्यांत आपल्या शहराचा आकडा सांगतात : कमाल तापमान 41 अंश, 42 अंश. हा आकडा चिकलठाणा वेधशाळेतला असतो. तिथे तापमापक एका पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. पेटीला चारही बाजूंनी झडपा असतात, म्हणजे वारा आतून खेळतो. ती जमिनीपासून साधारण चार फूट उंच असते आणि तापमापकावर थेट ऊन पडत नाही. म्हणजे बातम्यांतला आकडा हा मोकळ्या जागेतल्या, सावलीतल्या, वारा लागलेल्या हवेचा आहे.

आता दहा बाय दहाची पत्र्याची खोली घ्या. एक दार, एखादी खिडकी, आत पेटलेली चूल नाहीतर गॅस, आणि वर दुपारभर तापलेला पत्रा. त्या पत्र्याला हात लावता येत नाही. तो खालच्या माणसांवर शेगडीसारखी धग सोडत असतो. या खोलीचा आकडा कोणत्याच बातमीत येत नाही. पण आपली म्हातारी माणसे, बाळंतिणी आणि तान्ही मुले दुपार काढतात ती याच खोलीत. उष्णतेच्या लाटांचा इतिहास पाहिला तर हेच दिसते : बाहेर ऊन किती आहे, एवढ्यावर माणसाचे जगणे-मरणे ठरत नाही. डोक्यावर छप्पर कसले आहे आणि दार ठोठावणारे कोणी आहे की नाही, यावरही ते ठरते.

उन्हाळ्याची अखेर जास्त अवघड

आपल्या शहराच्या जुन्या नोंदींतला उच्चांक सुमारे 46 अंशांचा आहे. तारीख 25 मे 1905. म्हणजे मे महिन्याचा शेवटचा आठवडा.

आपल्या शेजारी, आंध्र प्रदेश आणि तेलंगणात 2015 साली आलेली लाटही मे महिन्याच्या अखेरचीच होती. त्या उन्हाळ्यात देशात उष्णतेने दोन हजारांवर माणसे गेली, त्यांतली बहुतेक या दोन राज्यांतली. शेतात राबणारे, बांधकामावरचे मजूर आणि वृद्ध यांचा त्यांत मोठा वाटा होता.

अखेरचे दिवस अवघड का? एक म्हणजे जमीन, भिंती, स्लॅब सगळेच महिना-दोन महिने तापलेले असते आणि रात्रीही गार होत नाही. दुसरे कारण घामाचे. घाम नुसता येऊन शरीर थंड होत नाही. तो वाळला तर थंड होते. मृगाच्या आधी हवेत ओल वाढते, मग घाम अंगावरच राहतो. वळवाची एक सर पडून गेली की ‘आता उन्हाळा संपला’ असे वाटते, पण दुसऱ्या दिवशी ऊन आणि दमटपणा दोन्ही एकदम येतात. पारा दोन अंश उतरलेला असतो आणि शरीराला मात्र त्रास तेवढाच, कधी जास्तही होतो.

पॅरिसचे पत्रे

उष्णतेने मरणे ही गरीब देशांचीच गोष्ट आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने ऑगस्ट 2003 चे फ्रान्स आठवावे. तिकडे ऑगस्ट म्हणजे उन्हाळ्याचा उतार. त्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे अशी लाट आली की सुमारे 15,000 माणसे नेहमीपेक्षा जास्त मेली. पॅरिसमध्ये काही रात्री पारा 25 अंशांखाली उतरलाच नाही. दवाखाने होते, रुग्णवाहिका होत्या, पैसाही होता.

मग मेले कोण? बहुतेक वृद्ध, आणि त्यांत एकटे राहणारे बरेच. पॅरिसच्या जुन्या इमारतींची छपरे जस्ताच्या पत्र्याची असतात आणि त्या पत्र्याखाली लहान, स्वस्त खोल्या असतात. नंतर झालेल्या अभ्यासात दिसले, की छपराला लागून असलेल्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना धोका जास्त होता. ऑगस्ट हा तिकडे सुट्टीचा महिना. घरची माणसे गावाला, शेजारी बाहेर. पन्नासहून अधिक मृतदेह न्यायला कोणीच आले नाही. त्यांचे दफन शहराच्या प्रशासनाला करावे लागले.

अमेरिकेतल्या शिकागो शहरात जुलै 1995 मध्ये असेच घडले होते. काही दिवसांत सातशेवर माणसे गेली. एकटे वृद्ध, गरीब आणि काळ्या वस्त्यांतले लोक यांना सर्वांत मोठा फटका बसला. चार वर्षांनी, 1999 साली, पुन्हा मोठी लाट आली. या वेळी महापालिकेने माणसे पाठवून एकट्या वृद्धांची दारे ठोठावली, थंड जागा उघडल्या. मृत्यू झाले, पण पहिल्यापेक्षा बरेच कमी.

अहमदाबादचा धडा

आपल्याला जवळचे उदाहरण अहमदाबादचे. मे 2010 मध्ये तिथे पारा 46.8 अंशांवर गेला. त्या एका महिन्यात नेहमीच्या मे महिन्यापेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाले. हा आकडा दाखल्यांवरून मिळालेला नाही. उष्णतेने गेलेल्या माणसाच्या दाखल्यावर बहुधा ‘हृदयविकार’ किंवा ‘वृद्धापकाळ’ असेच लिहिलेले असते. त्या महिन्याचे एकूण मृत्यू आधीच्या वर्षांशी ताडून पाहिले, तेव्हा हा फरक उघड झाला. आपल्या वस्तीतही मे महिन्यात ‘आजी झोपेतच गेली’ असे आपण म्हणतो. त्यात पत्र्याचा हात किती, हे कोणी विचारत नाही.

अहमदाबाद महापालिकेने 2013 साली उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला. दक्षिण आशियातला तो पहिला. लाट येण्याआधी सूचना, पाणपोया, डॉक्टर-परिचारिकांना शिक्षण, बागा दुपारी उघड्या. नंतरच्या अभ्यासाचा अंदाज असा, की पुढच्या दोन वर्षांत दर वर्षी हजाराच्या वर मृत्यू टळले.

यातली एक साधी गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिथल्या एका सरकारी रुग्णालयात नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर, थेट छताखाली होता. तो खालच्या मजल्यावर हलवला आणि उष्णतेने दाखल होणाऱ्या बाळांची संख्या ठळकपणे घटली. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. बाळांच्या डोक्यावरचे तापलेले छत तेवढे दूर केले. पुढे 2017 साली त्याच शहरात सुमारे 3,000 घरांच्या छतांना पांढरा चुना दिला गेला, कारण पांढरे छत ऊन परत फेकते.

खारघर आणि आपल्या वेळा

महाराष्ट्राने हा धडा 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानात घेतला. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखोंची गर्दी उघड्यावर बसली होती. उन्हाने 14 जणांचा जीव गेला. त्या दिवशी पारा 40 च्याही खालीच होता. पण दमट हवा, डोक्यावर छाया नाही आणि तासन्‌तास एका जागी बसणे, एवढे पुरले.

आपला वर्षातला सर्वांत मोठा सण 14 एप्रिलचा. मे महिन्यात बुद्धपौर्णिमा. दोन्ही ऐन उन्हाळ्यात. मिरवणूक संध्याकाळी निघते हे चांगले, पण सकाळच्या अभिवादनाच्या रांगेत, भडकल गेटच्या गर्दीत, लहान मुले खांद्यावर घेतलेल्या आयाबहिणी दुपारपर्यंत उभ्या असतात. जयंती मंडळांनी डीजेच्या खर्चातला थोडा भाग मांडव, पाणी आणि मीठ-साखरेच्या पाण्याकडे वळवला, तर ते अभिवादनच ठरेल.

लग्नांचेही तेच. आपल्या मंगल परिणयाला मुहूर्त लागत नाही. ते जोखड आपण कधीच टाकले आहे. मग मे महिन्यात दुपारी साडेबाराची वेळ पत्रिकेवर कशासाठी? सकाळी नऊला किंवा सूर्य उतरल्यावर विधी ठेवायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.

घरासाठी आणि वस्तीसाठी

शंभर-दोनशे रुपयांचा तापमापक आणून खोलीत टांगा. बातम्यांतल्या आकड्याऐवजी आपल्या खोलीचा आकडा पाहून दुपारचे ठरवा.

स्लॅब असेल तर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचे दोन हात द्या. पत्रा असेल तर बाहेरून पांढरा रंग द्या. तेवढे जमत नसेल तर वर हिरवी जाळी हातभर उंच बांधा. मध्ये वारा खेळला पाहिजे. आतून जुन्या साड्यांचे छत ताणले तरी पत्र्याची धग थेट अंगावर येत नाही, मात्र ते चुलीपासून आणि वायरींपासून लांब ठेवा. जुन्या पत्र्यावर पाय देऊन चढू नका. शिडी आणि फळी वापरा, विजेच्या तारा पाहा.

पत्रा दुपारी तापतो आणि रात्री लवकर निवतो. स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री सोडतो. म्हणून पत्र्याच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अकरा ते पाच दुसरीकडे हलवा; स्लॅबच्या घरात रात्रीची झोप अंगणात किंवा गच्चीवर घ्या.

दुसरीकडे म्हणजे कुठे? आपले विहार. बहुतेक विहारांत पक्के छत, पंखे आणि जागा असते, आणि दुपारी कुलूप असते. मे महिन्यात ते कुलूप काढा. दोन माठ, एक कूलर, खाली सतरंजी. कूलर लावला तर खिडक्या उघड्या ठेवा, नाहीतर दमटपणा वाढतो. आपल्या शहरात नळाला पाणी कितीतरी दिवसांआड येते, म्हणून विहाराच्या टाकीतले थोडे पाणी याच कामासाठी राखून ठेवा.

महिला मंडळाने एक यादी करावी : एकटे राहणारे वृद्ध, अंथरुणाला खिळलेले, गरोदर बाया, महिन्याच्या आतली बाळे, आणि रक्तदाबाच्या, लघवीच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या घेणारे. यांतल्या काही गोळ्यांमुळे उन्हाचा त्रास वाढतो. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. लाटेच्या दिवसांत या प्रत्येक दारावर दुपारी तीनला आणि रात्री नऊला कोणीतरी जावे.

बांधकामावर जाणाऱ्यांनी तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. घाम फार गेला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून प्यावे, चमचा चहाचा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे पाणी नको, पुन्हा पुन्हा अंगावर पाजा. खिशात कांदा ठेवून ऊन चुकत नाही. तो भाकरीबरोबर खा.

उष्माघात ओळखा

चक्कर, डोकेदुखी, पायात गोळे, मळमळ : ही पहिली हाक. सावलीत न्या, कपडे सैल करा, पाणी द्या. माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, झटके आले, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात. घाम थांबलेलाच असतो असे नाही. कष्टकऱ्याला घाम येत असतानाही उष्माघात होतो. बडबडणाऱ्या माणसाला ‘बाहेरचे झाले’ म्हणून अंगारा लावण्यात गेलेली दहा मिनिटे परत मिळत नाहीत.

आधी गार करा, मग न्या. 108 ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका : अंगावर पाणी ओता, ओल्या चादरीत ठेवून पंखा लावा, काखेत, मानेला, जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. रिक्षातून घाटीत नेतानाही अंग ओले करत राहा.

हा अंक हाती आला की पहिले काम यादीचे. एका वहीत गल्लीनुसार नावे, घरचा फोन आणि छप्पर पत्र्याचे की स्लॅबचे, एवढे लिहायला एक रविवार पुरतो. वही विहारात, सर्वांना दिसेल अशी ठेवा, आणि प्रत्येक नावापुढे त्या दारावर जाणाऱ्याचे नाव लिहा.