लघवीचा हिशेब

नाशिक जिल्ह्यात किडनीचा विषय निघाला की चर्चा डायलिसिसच्या मशीनवर येऊन थांबते. किती मशीन आहेत, अजून किती हवीत. मागणी रास्त आहे. पण जंतुसंसर्गाशी झुंजताना शरीराचा प्रतिकार बेताल होऊन स्वतःच्याच अवयवांवर उलटतो, त्या सेप्सिसमध्ये किडनीची लढाई मशीन लागण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. सुरगाणा-पेठच्या रुग्णाचे ते तास गावात, ग्रामीण रुग्णालयात आणि नाशिकच्या जिल्हा रुग्णालयाच्या, ‘सिव्हिल’च्या, रस्त्यावर जातात. पैसा आणि लक्ष आधी तिथे लागले पाहिजे.

रक्तदाब घसरला, किडनीचे रक्त आटले आणि पेशी मेल्या, असे दीर्घकाळ मानले जाई. मेलबर्नमध्ये रिनाल्डो बेलोमो आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या शिरेतून जिवंत इ. कोलाय जंतू सोडून पाहिले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात किडनीकडे जाणारे रक्त वाढले होते, तरी गाळणी मंदावली होती. सेप्सिसने दगावलेल्यांच्या शवविच्छेदनातही किडनीतल्या मेलेल्या पेशी अपेक्षेपेक्षा खूपच कमी दिसल्या. बारीक केशवाहिन्यांतले विस्कटलेले वाटप आणि जंतूंच्या अवशेषांचा नलिकांवरचा मारा यांमुळे पेशी काम आवरते घेऊन तग धरतात, असे आज मानले जाते. म्हणजे ठप्प झालेली किडनी पुष्कळदा मेलेली नसते. फ्रान्समधल्या २०१८च्या चाचणीत सेप्टिक शॉकच्या, म्हणजे सेप्सिसने रक्तदाब कोसळलेल्या, ४८८ रुग्णांपैकी काहींना डायलिसिस लगेच दिले, काहींना ४८ तास थांबून. मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही, आणि थांबवलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना ते दिलेच गेले नाही. अर्थात पोटॅशियम वाढले किंवा फुप्फुसात पाणी भरले तर थांबून चालत नाही. मशीन हवेच, ते त्यासाठी.

मग भरपूर सलाइन लावावे का? सलाइन लागते, पण मोजून. झांबियातल्या लुसाका इथे रक्तदाब घसरलेल्या सेप्सिसच्या रुग्णांना ठरवून जास्त द्रव दिला, तेव्हा ४८ टक्के दगावले. नेहमीच्या उपचारांत ३३ टक्के. त्यांतले बहुतेक एचआयव्हीबाधित होते, म्हणून तो आकडा जसाच्या तसा इकडे लावता येणार नाही. पण अतिदक्षता विभाग हाताशी नसताना बाटलीमागून बाटली चढवणे घातक ठरू शकते, एवढे त्यातून नक्की कळते.

मोजायची आहे ती लघवी. किडनी मंदावली की रक्तात साचणारे क्रिएटिनिन चढायला बराच वेळ जातो. सलग सहा तास दर किलो वजनामागे ताशी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी लघवी झाली, तर ती किडनीच्या इजेची खूण, असा २०१२पासूनचा जागतिक निकष आहे. ५० किलोच्या बाईला सहा तासांत दीडशे मिलिलिटर, चहाचे जेमतेम दोन कप. वॉर्डात मात्र नातेवाईक भांडे संडासात रिकामे करून येतात आणि रजिस्टरमधला रकाना कोरा राहतो. नुसत्या उलट्या-जुलाबांनीही लघवी घटते, हा आक्षेप खरा आहे. पण तेव्हाही डॉक्टरांनी तातडीने पाहणे गरजेचेच असते. आणि शुद्धीवरच्या रुग्णाला नळी न घालता खुणा केलेल्या भांड्यातही मोजता येते.

गावपातळीवर हे जमणार नाही म्हणणाऱ्यांनी गडचिरोली आठवावी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळांतला सेप्सिस ओळखून औषध द्यायला शिकवले. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार अशा बाळांचे मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८वर आले. त्या बायका देत असलेले जेंटामायसिन हे प्रतिजैविक किडनीला जपून द्यावे लागते, तरी वेळेवर मिळालेल्या औषधाने बाळे वाचली. मोठ्या माणसांचा आजार वेगळा, उपचारही वेगळे. पण लवकर ओळखायला मोठे रुग्णालयच लागते, हा समज तिथे खोटा ठरला.

म्हणून वाचकांना विनंती: घरातले कोणी तापाने फणफणले असेल, धाप लागत असेल, बरळत असेल, तर दवाखाना तात्काळ गाठा. शेवटची लघवी कधी आणि साधारण किती झाली, हे तिथे न विचारताच सांगा.