गाईच्या जिभेवरचे पहारेकरी

गाय कडबा खाताना तुम्ही पाहिली असेल. धारदार पाती, कुसळे, काटे यांनी तिच्या जिभेला ओरखडे पडणारच. त्यातच घासाबरोबर मातीतले असंख्य जिवाणू तोंडात जातात. तरीही ती जीभ सहसा चिघळत नाही. असे का बरे?

अमेरिकेतील शास्त्रज्ञ मायकेल झॅस्लॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांना १९९१ साली गाईच्या श्वासनलिकेत आणि १९९५ साली जिभेत जिवाणुनाशक प्रथिने सापडली. त्यांच्या कुळाला ‘डिफेन्सिन’ म्हणतात. हिमोग्लोबिनच्या रेणूत ५७४ अमिनो आम्ले असतात. श्वासनलिकेतील या प्रथिनात अवघी ३८!

त्यांचे काम समजण्यास पदार्थविज्ञानाचा एक नियम आठवा. विजातीय विद्युत्‌भार एकमेकांना आकर्षितात. डिफेन्सिनवर धनभार असतो, जिवाणूच्या आवरणावर ऋणभार. साहजिकच डिफेन्सिन त्याला चिकटते, आवरणात घुसते व भोके पाडते. आतील द्रव्य गळून जिवाणू मरतो. गाईच्या स्वतःच्या पेशींवर बाहेरून ऋणभार फारसा नसल्याने त्या बचावतात. नव्या रोगाविरुद्ध प्रतिपिंडे तयार व्हायला काही दिवस लागतात. हे पहारेकरी मात्र उपजतच हजर. जखम झाली की भोवतालच्या पेशी ते अधिकच बनवू लागतात.

प्रथिन कसे बांधायचे ते जनुकात लिहिलेले असते. प्रजननपेशी तयार होताना कधीकधी एखादे जनुक चुकून दोनदा उतरले जाते. घरात एकच विळी असेल तर तिच्यावर प्रयोग कोण करील? दुसरी मिळाली की तिला हवी तशी धार लावून पाहता येते. जनुकांचेही तसेच. एक प्रत जुने काम सांभाळते; दुसरीत बदल साचून नवे प्रथिन घडू शकते.

गाईचा संपूर्ण जनुकसंच २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात डिफेन्सिनच्या कुळातील शंभराहून अधिक जनुके आढळली. ‘कॅथेलिसिडिन’ या दुसऱ्या संरक्षक प्रथिनाचे माणसात एकच जनुक आहे, गाईत दहा! पोटात जिवाणूंची वसाहत आणि कळपातले जगणे, यांमुळे ही फौज वाढली असावी, अशी शास्त्रज्ञांची अटकळ आहे.

याचे मोल शेतकऱ्याला विचारा. काससुजी झाली की दूध आटते, आणि प्रतिजैविके दिल्यावर काही दिवस ते विकताही येत नाही. डिफेन्सिने कासेतही तयार होतात. कोणत्या गाईची जनुके अधिक चांगला पहारा देतात हे ओळखता आले, तर तशा गाईंची पैदास करता येईल, आणि औषधाची गरज कमी होईल. हे काम तुमच्या पिढीची वाट पाहत आहे.