जंतुनाशकांचे त्वचेवरील डाग

परमँगनेटच्या पाण्यात पाय बुडविणारा रुग्ण तपकिरी नखे दाखवीत येतो आणि औषध बाधले काय, असे विचारतो. तो डाग मँगनीज डायऑक्साइडचा असतो. त्वचेचा वरचा थर झडला की तोही जातो. द्रावण १:१०,००० या प्रमाणात, म्हणजे ४ लिटर पाण्यात ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, असे फिकट गुलाबी ठेवल्यास डाग बेताचाच पडतो. चिमटीच्या अंदाजाने खडे टाकण्याची आपली सवय येथे नडते. न विरघळलेला खडा तर त्वचा जाळतो.

घाई झालेला रुग्ण लिंबू चोळतो. डाग निघतोही, परंतु लिंबाच्या, विशेषतः सालीच्या, रसातील फ्युरोकूमरिन त्वचेवर राहून ऊन लागले तर फोड उठतात व मागे काळे वण राहतात. त्यापेक्षा 'क' जीवनसत्त्वाची साधी गोळी थोड्या पाण्यात विरघळवून, त्यात भिजविलेला बोळा काही मिनिटे ठेवावा व नंतर त्वचा धुवावी. आयोडीनच्या डागावरही हाच उपाय चालतो. पोव्हिडोन आयोडीनला बहुधा साबणपाणीच पुरते.

जेन्शन व्हायोलेट मात्र हट्टी. अखंड त्वचेवर ते स्पिरिटने फिके होते. उघड्या व्रणाच्या कोवळ्या मांसांकुरांवर लावल्यास गोंदल्यासारखा कायमचा रंग राहू शकतो. यांपैकी कोणताही उपाय व्रणावर करू नये. सुश्रुतांच्या साठ उपक्रमांतील कृष्णकर्म व पांडुकर्म हेही व्रण रुजल्यानंतरचेच आहेत.

औषधविक्रेत्यांनी परमँगनेट देताना पाण्याचे प्रमाण पुडीवरच लिहून द्यावे.