खांदा दुखतोय? आधी फरा बघा

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्याच्या सुयश जाधव यांनी लहानपणी विजेच्या धक्क्यामुळे दोन्ही हात कोपराखालून गमावले. पुढे २०१८ मध्ये जकार्तातल्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांनी ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्णपदक जिंकलं आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तळवे नसताना पाणी मागे सारता येतं, कारण त्या कामाची खरी ताकद खांद्यात आणि पाठीत असते. म्हणूनच पोहणाऱ्या मुलांचं पहिलं मोठं दुखणंही बहुधा खांद्याचंच निघतं.

खांदा हा उखळीचा सांधा खरा, पण त्याची उखळ बशीइतकी उथळ. दंडाच्या हाडाचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश गोळा एका वेळी तिला टेकलेला असतो. त्यामुळे हात हवा तसा फिरतो. मात्र त्याला जागेवर धरून ठेवायचं काम रोटेटर कफच्या चार छोट्या स्नायूंवर येतं. शिवाय ही बशी आहे ती फऱ्यावर, म्हणजे पाठीवरच्या त्रिकोणी हाडावर. हात वर गेला की फऱ्यानंही वर वळायचं आणि मागे कलायचं असतं. तो मागे राहिला, तर वरचं हाड आणि गोळा यांच्यामधून जाणाऱ्या स्नायूबंधावर ताण येतो.

आता हिशेब करू. २५ मीटरच्या तलावात मुलगा एका फेरीला साधारण अठरा हात मारतो असं धरलं, तर चार किलोमीटरच्या सरावात जवळपास २,९०० हात होतात. फऱ्याची छोटीशी चूकही मग तितक्याच वेळा घडते.

पोहणाऱ्यांचे खांदे पुढे झुकण्यात पोहण्याचाही हात असतो. पाणी ओढताना छातीचे आणि बगलेमागचे स्नायू दणकट होतात. फऱ्याला मागे आणि खाली धरणारे त्या मानानं दुबळे राहतात. त्यात वह्यांवर वाकून अभ्यास आणि हातात मोबाइल. छातीचा आतला छोटा स्नायू आखडला की फरा पुढे ओढला जातो आणि मूल पोक काढून चालू लागतं. मूल सपाट जमिनीवर उताणं झोपलं आणि एकच खांदा जमिनीपासून बराच वर राहिला, तर त्याकडे लक्ष द्यायला हवं.

तरीही सगळं खापर पोकावर फोडू नये, असं मला ठामपणे वाटतं. खांदे झुकलेले असूनही कधीच न दुखलेली मुलं पुष्कळ असतात. केनेडी आणि हॉकिन्स या कॅनडातल्या डॉक्टरांनी १९७४ मध्ये ‘स्विमर्स शोल्डर’ हे नाव रूढ केलं, तेव्हापासून कारणांचा शोध सुरू आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात १३ ते २५ वयाच्या ८० अव्वल जलतरणपटूंपैकी ९१ टक्क्यांनी खांदा दुखत असल्याचं सांगितलं. आठवड्याला १५ तासांहून जास्त पोहणाऱ्यांत स्नायूबंध खराब होण्याची शक्यता जवळपास दुप्पट होती. म्हणजे शरीराची ठेवण ही एक खूण आहे. भार किती आणि किती झपाट्यानं वाढवला, हे जास्त महत्त्वाचं.

सोलापूरकरांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि मुलं मार्कंडेय तलाव असो की गावाकडची विहीर, पाण्यातच राहतात. दहा महिने न पोहलेला खांदा पंधरवड्यात स्पर्धेसाठी तयार होत नाही. अंतर दर आठवड्याला थोडंथोडंच वाढवावं. हाताला पॅडल बांधून वेग वाढवायचा मोह तर लहान वयात टाळावाच. पाण्याचा विरोध वाढतो तो थेट खांद्यावर.

कोरड्या जमिनीवरचे व्यायाम साधे आहेत. भिंतीला तळवे टेकून जोर काढायचे आणि शेवटी पाठ किंचित आणखी मागे ढकलायची. याने फरा बरगड्यांना धरून ठेवणारा स्नायू तयार होतो. रबरी पट्टा दाराला अडकवून कोपरं मागे ओढायची. दाराच्या चौकटीत हात टेकून छाती ताणायची. पाण्यात दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायची सवय लावली, तर एकाच खांद्यावर भार पडत नाही.

सराव संपला की दुखणं थांबत असेल, तर अंतर कमी करून पाहता येतं. रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, हात वर नेताना जोर जात असेल, तर वेदनाशामक गोळी देऊन पाण्यात उतरवू नका. हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. तोवर नुसते पाय मारायचा सराव चालू ठेवता येतो. फक्त किकबोर्ड हात लांब करून डोक्यापुढे धरायला लावू नका, त्या स्थितीतही दुखऱ्या खांद्याला विश्रांती मिळत नाही.