तेल नवऱ्याचं, गर बायकोचा

१९२९ सालच्या, नायजेरियातल्या इग्बो बायकांच्या लढ्याकडे आज वळायचं, असं गेल्या वेळी लिहिलं होतं. ते आता पुढच्या आठवड्यात. मध्येच सांगलीच्या एका वाचक बाईंचा प्रश्न आला आहे, आणि तो सोडवल्याशिवाय तो लढा नीट कळायचा नाही. त्या विचारतात, ‘कोनफळ पुरुषाचं, त्याच्या राशीवरचा मानही पुरुषाचा, मग बायकांच्या गाठीला पैसा आला कुठून?’

अळकुड्या, भेंडी, मका, भोपळा या बायकांच्या पिकांवर घर जेवतं आणि उरलेलं बाजारात जातं, हे आपण पाहिलं. पण ज्या कमाईने इग्बो बाईचा संबंध थेट परदेशी बाजाराशी आला, ती शेतातल्या पिकाची नव्हती. ती तेलताडाच्या आठळीतून आली. या विषयात मी सर्वांत जास्त रमलो असेन तर या आठळीपाशी, म्हणून आजचा सगळा लेख तिचाच.

ताडावर चढायचं काम पुरुषाचं. कमरेला दोराचा फास घालून तो वर जातो आणि फळांचा घड तोडून खाली टाकतो. पुढची बरीचशी मेहनत बायकांची. फळं घडापासून सुटी करायची, मोठ्या मडक्यांत शिजवायची, उखळात कुटायची, चोथा पाण्यात पिळायचा आणि वर आलेलं तेल उकळून घ्यायचं. आपल्याकडे मिळणारं पामतेल फिकट दिसतं, कारण कारखान्यात त्याचा रंग काढलेला असतो. गावात काढलेलं तेल गडद लाल असतं. स्वयंपाकापुरतं घरात ठेवून बाकीचं विकलं की पैसे नवऱ्याचे. चोथ्यात उरलेल्या, सुपारीएवढ्या टणक आठळ्या मात्र बायकोच्या.

ही वाटणी कशी पडली, हे समजून घेण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपला हवं होतं ते फक्त लाल तेल. साबणासाठी, मेणबत्त्यांसाठी, यंत्रांच्या वंगणासाठी. आठळ्या फोडायच्या त्या घरी खायला किंवा अंगाला लावायचं तेल काढायला. शतकाच्या मध्यानंतर आतल्या पांढऱ्या गरालाही गिऱ्हाईक आलं. त्याचं तेल गुणाने खोबरेलाजवळचं. साबणाला चालणारं आणि पुढे मार्गारीनलाही. पहिल्या महायुद्धापूर्वी हा गर सर्वाधिक जायचा तो जर्मनीत, हॅम्बुर्गच्या गिरण्यांकडे. आठळ्या फोडणं मुळातच बायकांचं काम होतं. दगडावर आठळी ठेवायची, दुसऱ्या दगडाने फोडायची, गर वेचायचा, आणि हे एकेक करून. कष्ट तिचे, म्हणून गरही तिचा, हे घराघरांत मान्य झालं. आबाच्या आसपासच्या न्ग्वा भागाचा आर्थिक इतिहास लिहिणाऱ्या सुसान मार्टिन यांनी ही वाटणी बारकाईने मांडली आहे.

या कामाला वेगळी जमीन लागत नव्हती की भांडवल. वाळवलेल्या आठळ्या शेतातून परतल्यावर, सवड मिळेल तेव्हा फोडता येत; म्हाताऱ्या आणि पोरंही हाताशी बसत. १९१६ मध्ये पोर्ट हार्कोर्टहून एनुगूपर्यंत रेल्वे सुरू झाली, आबा हे वाटेवरचं मोठं ठाणं बनलं आणि गराचा व्यापार वाढला. त्या पैशातून मीठ, मासळी, कापड यायचं, मुलांच्या शाळेची फी भरली जायची आणि छोट्या व्यापाराला हातात रक्कम राहायची.

आता १९२८ कडे या. त्या वर्षी ब्रिटिश सरकारने पुरुषांवर थेट कर बसवला, आणि अनेक घरांत तो भरायला बायकांच्या कमाईचा हातभार लागला. पुढच्या वर्षी तेलाचे आणि गराचे भाव पडत होते. तशात ओलोको गावी शिरगणतीचा माणूस न्वान्येरुवा नावाच्या बाईच्या अंगणात येऊन माणसं, शेळ्या, मेंढ्या मोजायला सांगू लागला, तेव्हा ती तेलच काढत होती. आता आपल्यावरही कर बसणार, हा बायकांचा संशय कुठून आला आणि एवढा का पेटला, हे आता वेगळं सांगायला नको.

ब्रिटिश अमदानीच्या अखेरीस, १९४० च्या दशकात, सरकारी प्रोत्साहनाने तेलाच्या गिरण्या आल्या. गिरणी फळंच विकत घेई. पैसे फळं विकणाऱ्या नवऱ्याच्या हातात पडत आणि आठळ्या गिरणीतच राहत. बायका विरोधाला उभ्या राहिल्या. हा सुधारणेला विरोध होता असं म्हणणं मला साफ अमान्य आहे. कुटण्या-पिळण्याचे कष्ट वाचणार, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत होतं? पण त्या कष्टांबरोबर स्वतःची कमाईही जात होती, आणि तिच्या बदल्यात काय, हे कोणी सांगत नव्हतं. गिरणीच्या हिशेबात तेल किती जास्त निघेल एवढंच मांडलेलं होतं. घरात कोणाच्या हाती किती पडेल, हा रकाना बायकांनी भरून दाखवला.

असाच प्रश्न कसाव्यानेही उभा केला. आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो, तोच हा. कोनफळापुढे हलका म्हणून पुरुषांनी तो बायकांवर सोडला होता. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने शेतावरचे हात कमी केले आणि या हलक्या पिकाला एकदम किंमत आली. त्याचा लेख मात्र लढ्यानंतरच.